फेस टू फेस

गेल्या महिन्यातला रविवार. पुण्याहून सकाळची ट्रेन पकडून मी ठाण्याला मावशीकडे गेले होते. तिची तिसरी केमो होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. काय बोलायचं, काय बोलायचं नाही, याची गाडीत पूर्ण प्रॅक्टिस केलेली. लिफ्टमधून बाहेर पडले तर तिच्या दाराबाहेर कचऱ्याची भलीमोठी पिशवी. आत शांपू, फेसवॉश, बॉडीवॉश, हँडवॉश आणि चक्क टूथपेस्ट. बहुतेक बाटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या.

"काय गं मावशी, दिवाळीची सफाई आत्तापासूनच?"

मावशी हसली नाही. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. तुम्हालाही आला असेल असाच एक फॉरवर्ड. शांपूत एक केमिकल असतं, गॅरेजची फरशी धुवायला तेच वापरतात, त्याने कॅन्सर होतो, हा मेसेज तुमच्या जवळच्या सगळ्यांना पाठवा. मी 'असल्या गोष्टींवर काय विश्वास ठेवतेस' म्हणणार, तेवढ्यात तिने तिच्या डायरीतून एक कात्रण काढलं. माझंच. दोन वर्षांपूर्वी एका पुरवणीत मी लिहिलेलं, 'तुमच्या बाथरूममधले पाच शत्रू'. आणि शत्रू नंबर एक कोण? सल्फेट!

"तूच लिहिलं होतंस ना गं? मी वीस वर्षं एकच शांपू वापरला. मुलींनाही तोच लावला. म्हणून झालं का मला? आणि त्या दोघींचं काय?"

मंडळी, बायलाइन छापून आल्यावर पेढे वाटणाऱ्या माझ्यासारखीला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

खरं सांगू? तो लेख मी अर्ध्या तासात पाडला होता. डेडलाइन डोक्यावर, चार वेबसाइट्स समोर आणि एका 'सल्फेट-फ्री' ब्रँडची गुळगुळीत प्रेस नोट हाताशी. 'टॉक्सिक' हा शब्द हेडिंगमध्ये सॉल्लिड दिसत होता. मास कॉममध्ये 'क्रॉस-चेक' नावाचं काहीतरी शिकवलं होतं, ते त्या दिवशी सुट्टीवर होतं. या वेळी मात्र तीन आठवडे घेतले. अहवाल वाचले, एका स्किनच्या डॉक्टरांसमोर माझ्या बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या मांडल्या आणि डोकं खाऊन खाऊन प्रश्न विचारले. त्याचा हा हिशेब.

हा फेस येतो कुठून?

पुरणपोळी खाऊन झाल्यावर तुपाचा हात नुसत्या पाण्याखाली धरून बघा. पाणी वरून घसरून जातं, तूप जागचं हलत नाही. पाणी आणि तेल यांचं जमतच नाही. त्यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या पदार्थाला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याचा कण काडेपेटीतल्या काडीसारखा समजा. डोकं पाण्यात रमतं, शेपटी तेलात. अशा असंख्य शेपट्या तेलाच्या थेंबाला घेरतात, डोकी बाहेर पाण्याकडे असतात आणि पाण्याबरोबर सगळा लवाजमा वाहून जातो. बस्स, एवढाच फंडा.

आपल्या बाटल्यांवरची दोन नेहमीची नावं म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, अर्थात एसएलएस, आणि त्याचं थोडं सौम्य भावंड सोडियम लॉरेथ सल्फेट, अर्थात एसएलईएस. कानाला भलतीच केमिकल वाटतात, पण त्यांची तेलवेडी शेपटी बऱ्याचदा खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलापासूनच बनवलेली असते. आणि आजीचा रिठा? त्यातही सर्फॅक्टंटच असतात, नाव सॅपोनिन. सोनार ज्या रिठ्याच्या पाण्यात दागिने उजळतात, त्याच्या फेसामागेही हेच तत्त्व आहे.

गॅरेजच्या फरशीचं म्हणाल, तर जो पदार्थ तेलकटपणा काढतो तो फरशीचाही काढणार आणि केसांचाही. पाण्यानेही आपण गाडी धुतो आणि तेच पाणी पितो. सवाल किती प्रमाणात, किती वेळ आणि कुठे, एवढाच असतो.

कॅन्सरची गोष्ट

हा फॉरवर्ड मावशीच्या ग्रुपवर आत्ता आला असला तरी त्याचं वय बरंच आहे. १९९८ च्या सुमारास तो ई-मेलमधून अमेरिकेत फिरत होता. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप जन्मालाही यायचं होतं! जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी आयएआरसी ही संस्था कॅन्सरशी संबंध असलेल्या पदार्थांची यादी ठेवते. एसएलएस किंवा एसएलईएसला तिने कॅन्सरकारक म्हटलेलं नाही.

मग ही अफवा इतकी वर्षं टिकली कशी? कारण तिच्या पोटात सत्याचा एक छोटासा खडा आहे. आणि मागच्या वेळी मी सगळंच 'टॉक्सिक' म्हटलं होतं, म्हणून या वेळी सगळंच 'सेफ' म्हणून हात झटकणं बरोबर नाही.

एसएलईएस बनवताना सल्फेट व्हायच्या आधी लॉरिल अल्कोहोलवर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया केली जाते. त्वचेला ते जास्त सौम्य. पण या प्रक्रियेत १,४-डायॉक्सेन नावाचा एक नकोसा पाहुणा थोड्या प्रमाणात तयार होतो. आयएआरसीच्या यादीत तो '२बी' गटात आहे, म्हणजे 'माणसात कॅन्सर घडवण्याची शक्यता असलेला'. दचकलात? थांबा. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे. ही यादी पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते नाही. तो ठरतो किती पदार्थ किती काळ शरीरात गेला त्यावरून.

डायॉक्सेन कारखान्यातच निर्वात पद्धतीने बराचसा काढून टाकता येतो. युरोपियन युनियनच्या वैज्ञानिक समितीने २०१५ मध्ये म्हटलं की सौंदर्यप्रसाधनात त्याचा अंश १० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १० भागांपर्यंत असेल तर तो ग्राहकांसाठी सुरक्षित आहे. न्यूयॉर्क राज्याने त्याहून कडक कायदा केला. अंग आणि केस धुण्याच्या उत्पादनांसाठी २०२२ च्या अखेरीपासून २ पीपीएम आणि २०२३ च्या अखेरीपासून १ पीपीएम. तिथली मोठी काळजी नुसती त्वचेची नव्हती, मोरीतून वाहून जाऊन भूजलात पोचणाऱ्या डायॉक्सेनची होती. हा पदार्थ कोणी मुद्दाम घालत नाही, म्हणून लेबलवर त्याचं नाव सापडणार नाही. तेव्हा इथे काळजी कोणी घ्यायची? कंपनीने आणि नियम करणाऱ्यांनी. केमोच्या खुर्चीत बसलेल्या बाईने नव्हे.

फेस वाढवायला वापरलं जाणारं आणखी एक नाव, कोकामाइड डीईए, हेही त्याच २बी गटात आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१२ मध्ये ते आपल्या इशारा-यादीत टाकलं. हे नाव मात्र लेबलवर दिसतं. दिसलं तर दुसरी बाटली उचला, दुकानात पर्याय ढिगाने आहेत. पण वीस वर्षांपूर्वीच्या बाटल्या आठवून रात्रभर जागत बसू नका.

खरा गुन्हा वेगळाच

एसएलएसवर खरा, सिद्ध झालेला आरोप आहे तो त्वचा चुरचुरवण्याचा. आणि त्याचा पुरावा माझ्या स्वतःच्या थोबाडावर होता!

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी वाकडला राहते. बाइकवरून धूळ खात घरी आलं की फेसवॉश. जिमनंतर फेसवॉश. सकाळी एकदा, रात्री एकदा, ते वेगळंच. शिवाय 'डीप क्लीन' म्हणून फेस चेहऱ्यावर पाच मिनिटं तसाच ठेवायची माझी स्वतःची आयडिया. धुतल्यावर चेहरा ताणला गेला की मला वाटायचं, वा, काय क्लीन झालाय! तीन आठवड्यांत नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले, गाल लाल झाले आणि साधं मॉइश्चरायझर लावलं तरी डोळ्यांत पाणी येऊ लागलं. मी तावातावाने बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाटली बाजूला ठेवली आणि पहिले दोन प्रश्न विचारले. दिवसातून किती वेळा? आणि किती वेळ?

त्याचं कारण असं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा मेलेल्या पेशींच्या आणि मधला चुना स्निग्ध पदार्थांचा. सर्फॅक्टंटला धुळीचं तेल आणि तुमच्या भिंतीतला चुना यातला फरक कळत नाही. तो थोडा चुनाही घेऊन जातो. भिंतीला पुन्हा भरून यायला वेळ दिला तर काही बिघडत नाही. दिवसातून चार वेळा खरवडलं तर फटी पडतात, आतला ओलावा उडतो, बाहेरचं आत शिरतं. आपण ज्याला 'एकदम क्लीन' म्हणतो तो ताण म्हणजे त्वचेची तक्रार असते.

एसएलएसची ही ख्याती इतकी पक्की की त्वचेला मुद्दाम, मोजूनमापून इजा करून एखादं संरक्षक क्रीम काम करतं का हे बघायचं असेल, तर संशोधक हेच वापरतात. पण हीच गोष्ट दुसरं काही सांगते. तिथे ते तासन् तास पट्टीखाली दाबून ठेवलेलं असतं. आपण शांपू तसा लावत नाही.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आणि प्रमाणाचा. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांमधल्या घटकांची छाननी करणारी सीआयआर नावाची तज्ज्ञ समिती आहे. तिचा खर्च हा उद्योगच उचलतो, हेही सांगून ठेवते. तरीही १९८३ मध्ये तिने एसएलएसबद्दल जे म्हटलं ते कंपन्यांना सोयीचं तेवढंच नव्हतं. थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या उत्पादनात ते सुरक्षित, पण त्वचेवर बराच वेळ राहणार असेल तर प्रमाण १ टक्क्याच्या वर नको.

आणि तो १ टक्काही प्रत्येकाला झेपेलच असं नाही. ब्रिटनमध्ये 'अ‍ॅक्विअस क्रीम' नावाचं एक स्वस्त आणि मस्त क्रीम एक्झिमाच्या कोरड्या त्वचेसाठी वर्षानुवर्षं दिलं जायचं. त्यात एसएलएस असायचं. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, एमएचआरएने, इशारा दिला की एक्झिमा असलेल्यांना, विशेषतः लहान मुलांना, ते लावून ठेवल्यास जळजळ होऊ शकते. बघा हं, शांपूत त्याहून कितीतरी जास्त असूनही बहुतेकांना काही होत नाही, कारण तो वाहून जातो. क्रीममध्ये थोडंसंच असूनही त्रास होतो, कारण ते बसून राहतं.

आणखी एक गंमत. टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या. शेफील्ड विद्यापीठ आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की जड पाण्याने धुतल्यावर एसएलएस त्वचेवर जास्त चिकटून राहतं आणि जास्त चुरचुरवतं. म्हणजे तोच फेसवॉश ठाण्यात मावशीला चालतो आणि माझ्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की मला चावतो, यात नवल काहीच नाही.

'फ्री' म्हणजे फुकटचा निर्धास्तपणा

मग सल्फेट-फ्री घेतलं की सुटलो? इथेच माझा जुना लेख सपशेल आपटतो.

सल्फेटऐवजी सर्रास वापरला जाणारा सौम्य सर्फॅक्टंट म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेन. अमेरिकेतली काँटॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांची सोसायटी दरवर्षी एका पदार्थाला 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' जाहीर करते. म्हणजे अ‍ॅलर्जीचा ऑस्करच म्हणा. २००४ चा मान या बीटेनला मिळाला. साखर आणि वनस्पती तेलापासून बनलेले म्हणून मिरवणारे ग्लुकोसाइड? २०१७ चे विजेते! याचा अर्थ ते वाईट आहेत असा नाही. बहुतेकांना ते छान चालतात. पण 'फ्री' हा शब्द काय नाही ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही.

नेहमीचा अंगाचा साबणही सल्फेट-फ्रीच असतो की. पण त्याचा पीएच साधारण ९ ते १०, आणि आपली त्वचा साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. म्हणून साबणाने तोंड धुतल्यावर होणारा कोरडेपणा बऱ्याचदा चांगल्या फेसवॉशपेक्षा जास्त. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं वाटत असेल, तर लहानपणी रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेल्यावर घर डोक्यावर घेतलं होतं, ते आठवा.

उलट, एकाच बाटलीत एसएलईएस आणि बीटेन एकत्र असले तर ते मिश्रण नुसत्या एसएलईएसपेक्षा सौम्य ठरू शकतं. दोघांचे कण एकमेकांत गुंततात आणि त्वचेला त्रास देणारे मोकळे कण कमी उरतात. म्हणून यादीतलं एक नाव बघून बाटलीला फाशी देणं म्हणजे पोह्यात मिरची आहे एवढं ऐकून पोहे तिखट ठरवण्यासारखं आहे. किती घातली, सोबत काय घातलं, ते बघाल की नाही?

आणि एक भ्रम कायमचा धुऊन टाकू या. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस म्हणजे पाण्यात अडकलेली हवा. मळ काढतात ते फेसाच्या आत-बाहेर असलेले सर्फॅक्टंट. फ्रंट लोड वॉशिंग मशीनसाठी मुद्दाम कमी फेसाची पावडर मिळते, तरी शर्टाची कॉलर निघतेच ना? जाहिरातींनी आपल्याला बुडबुड्यांची चटक लावली, कंपन्या आपल्याला हवे तेवढे बुडबुडे देतात. निम्मा दोष आपला!

बाथरूमचा चेकलिस्ट

• चेहऱ्यावर फेसवॉश दिवसातून दोनदा, अर्धा-एक मिनिट, आणि मग भरपूर पाणी. मधल्या वेळी नुसतं पाणी चालेल. फेसवॉशचा मास्क करू नका.

• धुतल्यावर चेहरा ताणला गेला, चुरचुरला तर तो फेसवॉश तुमच्यासाठी नाही. मैत्रिणीला तो कितीही सूट होवो.

• लेबलवर १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. एसएलएस अगदी वर आणि सोबत दुसरा कुठलाच सर्फॅक्टंट नसेल, तर कोरड्या त्वचेच्या लोकांनी जरा जपून.

• एक्झिमा, रोझेशिया किंवा तान्हं बाळ घरात असेल तर कमी फेसाचा, बिनवासाचा क्लीन्झर घ्या. लावून ठेवायच्या क्रीममध्ये एसएलएस नको.

• तोंडात वारंवार छाले येत असतील तर बिनएसएलएसची टूथपेस्ट महिनाभर वापरून बघा. काहींना फरक पडतो.

• पुरळ किंवा खाज थांबत नसेल तर फॉरवर्ड नको, स्किनचे डॉक्टर गाठा. पॅच टेस्टने अ‍ॅलर्जी नक्की कशाची ते शोधता येतं.

आता मावशी

गेल्या रविवारी पुन्हा ठाण्याला गेले. हे सगळं तिला सांगितलं. पीपीएम-बीपीएम तिने ऐकून घेतलं. मग तिला हवा होता तोच प्रश्न विचारला.

"म्हणजे माझ्यामुळे नाही ना?"

"नाही गं. तुला हे का झालं याचं एकच एक कारण तुझे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण तू शांपू लावलास म्हणून झालं, असं म्हणायला कुठलाही आधार नाही. मुलींना लावलास म्हणून त्यांना होईल, यालाही नाही. मी लिहिलं ते चुकीचं लिहिलं होतं."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. गेले कित्येक दिवस हे ओझं ती आजारपणावर आणखी वाहत होती, आणि त्यातलं निम्मं मी तिच्या डोक्यावर ठेवलेलं. अफवेने कोणाची त्वचा जळत नाही, पण मन जळतं. त्याचं पीपीएम कोण मोजणार?

मग तिने डोक्याला बांधलेल्या स्कार्फवरून हात फिरवला. "बरं झालं. तशीही सध्या शांपूच्या खर्चात सॉल्लिड बचत आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून काका बघायला आले.

दाराबाहेरची ती पिशवी कचरेवाल्याकडे गेलीच नव्हती, मावसबहिणीने ती गुपचूप गॅलरीत नेऊन ठेवली होती. बाटल्या परत कपाटात गेल्या. केमोमुळे मावशीची त्वचा कोरडी झाली आहे, म्हणून तिच्यासाठी तेवढा डॉक्टरांना विचारून एक सौम्य, बिनवासाचा क्लीन्झर आणला. तो फारसा फेसही करत नाही. "पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही गं," अशी तिची तक्रार आहे.

कात्रण मात्र मी तिच्या डायरीतून मागून घेतलं. ती जागा सध्या रिकामी आहे. हा अंक छापून आला की पुढच्या रविवारी तिथे हे ठेवून येणार आहे.